पूजेतली चावी

सत्यभामाला दोन गोष्टींचं भ्या, विजेचं आणि देवीच्या कोपाचं. दोन्ही तिच्या घरात एकाच दिवशी शिरल्या होत्या. नवऱ्याचं, बलभीमचं, येडशीत मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळायचं दुकान. एका खंडेनवमीला शेजाऱ्याची बोअरची मोटार अडली म्हणून त्यानं पूजेत मांडलेला पाना उचलला, आणि त्याच दुपारी विजेच्या झटक्यात उजव्या हाताची दोन बोटं गमावली. तेव्हापासून नवमीला मांडलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलत नसे.

यंदा पाना, पक्कड, कोयता यांच्या ओळीत सून वैष्णवीची बोटभर चावी होती. कुलपाची नव्हे, लॅपटॉपला खोचायची. वैष्णवी घरीच काम करी. इंटरनेटवरची नाणी लोक ज्या तिजोरीत ठेवतात, तो एक प्रोग्राम. मालक कुणी नाही. देशोदेशीची माणसं तो सगळ्यांसमोर उघडा ठेवून मिळून दुरुस्त करत. नवी दुरुस्ती बाहेर सोडायला तिघांच्या सह्या लागत, आणि वैष्णवीची सही या चावीशिवाय होत नसे. सकाळी सासूनं तिचं हत्यार मागितलं, तेव्हा सुट्टीच आहे म्हणून तिनंच ती हसत काढून दिली होती.

जेवणं उरकली आणि तिचा फोन वाजला. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. मागच्या आवृत्तीत खोट निघाली होती. जुनी तिजोरी नव्या पद्धतीत आणायला गेलं की कधीकधी सगळंच पुसून जात होतं. दुरुस्ती तयार होती, दोघांनी सह्याही केल्या होत्या.

ती पूजेपुढं येऊन उभी राहिली. हात मात्र पुढं केला नाही.

"आत्या, चावी लागती."

सत्यभामानं आधी दाराकडं पाहिलं. कुलदीप, तिचा लेक आणि वैष्णवीचा नवरा, धाराशिवहून मोटारसायकलवर निघाला होता.

"उद्या सकाळी घे."

"उद्यापर्यंत कुणाकुणाचं जाईल, सांगता यायचं नाही. आन् ती खोट माझ्याच हातची हाय."

बलभीम उंबऱ्यावर बसून ऐकत होता. "माझी बोटं देवीनं न्हाय नेली," तो म्हणाला. "मेन स्विच म्या बंद केला न्हवता."

"आन् त्यो बंद करायचं कुणी इसरायला लावलं?"



वैष्णवी भिंतीला टेकून फोनकडं बघत राहिली.  सत्यभामानं विचारलं, ज्यांचं जातंय त्यांत बायाबी असत्यात का?

"असतील की. कोण, कुठली, काहीच कळत नाही. गेलं तर कुणाच्या दारात जावं, हेबी त्यांना ठावं नसतं."

सत्यभामा उठली. हात जोडून ओठातल्या ओठात पुटपुटली, जे व्हायचं ते माझ्या हाताला होऊ दे. आणि चावी तिनं स्वतःच उचलली.

सकाळी तिनंच हळद लावून पाणी शिंपडलं होतं. चावीच्या खाचेत ओला पिवळा गाळ बसला होता. वैष्णवीनं पुसून ती लॅपटॉपला लावली, चावीवरचा दिवा लागेना. सत्यभामाला वाटलं, उचलायचा दोष लागला तो लागलाच, वर कामही गेलं. बलभीमनं दुकानातून ब्रश आणला, खाच साफ केली, आणि भरलेली मोटार वाळवतात तशी चावी उरलेल्या तीन बोटांत धरून बल्बच्या उबेला ठेवली. 

तिसऱ्या खेपेला दिवा लागला. वैष्णवीनं सही केली. दुरुस्ती बाहेर पडली, असं ती म्हणाली आणि तिथंच डोळे मिटून बसली.

सत्यभामानं ओळीतल्या रिकाम्या जागी सुपारी ठेवली. मग ती दारातच उभी राहिली. रस्त्यावर मोटारसायकल वाजली की तिचा हात दाराच्या चौकटीवर घट्ट होई. कुलदीप आला, हातपाय धुऊन चहा मागायला लागला, तरी ती चौकट सोडून आत आली नाही.

दिवेलागणीला वैष्णवीनं कांदे घेतले, विळी पुढं ओढली. सत्यभामानं ती तिच्या हाताखालून काढून घेतली.

"आज तू काय चिरू नगंस."

वैष्णवीनं बोटं पदराआड घेतली आणि नुसती कढईकडं सरकली.