हरलेल्यांची फेरी

परवा टीव्हीवर रग्बीच्या विश्वचषकावर चर्चा चालली होती. स्पर्धेचं स्वरूप बदला, दुबळ्या संघांना बोलावूच नका, त्यांच्या सामन्यांत कसली आलीय चुरस, असं एक कोटवाले गृहस्थ ठासून सांगत होते. रग्बीतलं मला ओ की ठो कळत नाही, तरी माझं डोकं फिरलं. दुबळ्या संघात मीही होतो.

आम्ही धारूरच्या डोंगराकडची पोरं. त्या साली दुष्काळानं रानात ऊसच उरला नव्हता, त्यामुळे सहकारी साखर कारखाना बंद होता. त्याच्या रिकाम्या आवारात कबड्डीची स्पर्धा ठेवली होती. मैदानावर शिंपडायला पाणी कुठलं? म्हणून मागल्या हंगामातला उसाचा भुसा अंथरला होता. त्यावर पडलं की लागायचं नाही, पण घामानं तो अंगभर चिकटायचा आणि अंघोळ होईस्तोवर नुसती खाज.

हरला तो घरी, अशी पद्धत होती. आमची पहिलीच गाठ युसूफ वडगाव ह्या गावाच्या संघाशी पडली आणि त्यांनी आम्हाला धू धू धुतलं. गावानं पहिल्यांदाच संघ पाठवला होता. निघताना सरपंचांनी बजावलं होतं की एक तरी सामना जिंकून या, नाहीतर हा नाद सोडा. मला तर रडूच फुटायचं बाकी होतं.

आमचा कप्तान मात्र पंचांकडे गेला. हरलेल्या संघांची आपसात एक फेरी घ्या, म्हणाला. पंचांना ते पटलंही, पण त्यासाठी सगळ्यांना मुक्काम करावा लागला असता आणि पाण्याचा टँकर एकच होता. जिंकलेल्यांना प्यायला अन् अंघोळीला पुरेल एवढंच पाणी आहे, असं सांगून त्यांनी हात वर केले. खोटं नव्हतं ते.

तेवढ्यात वडगावचा कप्तान उठला.

"आमच्या अंघोळीचं पाणी ह्यांना प्यायला द्या. आमी तसंच झोपतो. एवढ्या लांबून आलेत, अर्ध्या घंट्यात कशापायी घालवता?"

त्याच्या गड्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण कुणी आडकाठी केली नाही. मग बाकीचे जिंकलेले संघही लाजेकाजेस्तव तयार झाले.

दुसऱ्या दिवशी हरलेल्यांची फेरी झाली. आम्ही एक सामना जिंकलो, तोही शेवटच्या चढाईत. पुढचा हरलो, पण सरपंचांचा शब्द राखला आणि आमचा संघ टिकला. पुढे याच खेळानं मला शाळेत क्रीडाशिक्षकाची नोकरी दिली. आज घरात जे काही आहे ते त्या एका सामन्याच्या पुण्याईचं, असं मी खुशाल मानतो.

त्या दिवशी गावाकडे निघताना मी वडगावच्या कप्तानाला म्हणालो, "तुमचे लई उपकार झाले."

"पुढल्या साली आमाला हरवा, मग फिटले," तो म्हणाला आणि मान खाजवायला लागला. भुसा तसाच चिकटलेला होता आणि खाजवून खाजवून मानेवर लाल वळ उठले होते.

त्या कोटवाल्या गृहस्थांना मला ते वळ दाखवायचे होते.