आलोच

मोरीतला नळ गळायला लागला की त्या भागातली माणसं दोन गोष्टी करतात. आधी नळाखाली बादली ठेवतात आणि मग आलोचला फोन करतात. बादली आधी, कारण फोनवर तो एकच शब्द बोलतो, ‘आलोच’, आणि या शब्दाचा त्याच्या लेखी अर्थ आज संध्याकाळपासून पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत काहीही होऊ शकतो. पण काम असं चोख करतो की पुन्हा त्या नळाकडे बघावं लागत नाही. म्हणून त्याला सोडून दुसरा प्लंबर बोलवायची कुणाची छाती होत नाही.

नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं, हे नाव त्याला नळांच्या कामातून पडलं. तसं नाही. प्लंबर होण्याच्या आधी तो नऊ वर्षं पिवळ्या शर्टवाल्या फुटबॉल क्लबचा स्ट्रायकर होता. कडेने पळणारा खेळाडू बॉल घेऊन निघाला की मैदानाच्या मधून हा ओरडायचा, ‘आलोच!’ बॉल गोलसमोर पडायचा, समोरचा बचाववाला तो सावकाश उडवून लावायचा, आणि मग हा पोहोचायचा. स्टँडमधून कुणीतरी म्हणायचं, ‘आलं वरातीमागून घोडं.’

तरी त्याने एकेचाळीस गोल केले. ते कसे, यावर कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत आजही वाद होतात. रिटायर झालेला पोस्टमन म्हणतो की त्याच्या उशिरामागे मोठी अक्कल होती: बॉल गोलच्या खांबाला लागून परत यायचा, बाकीचे सगळे पुढे धावून गेलेले असायचे आणि हा नेमका तेव्हा हजर व्हायचा. लॉन्ड्रीवाला म्हणतो, अक्कल वगैरे काही नाही, माणूस मुळातच ढिला. बोलताना त्याचा हात इस्त्रीवर असतो आणि आवाजात माया असते.

या लॉन्ड्रीवाल्याला सगळे कडक म्हणतात. गिऱ्हाईक पिशवी टेबलावर ठेवतं न ठेवतं तोच तो विचारतो, ‘कडक करू?’ आतून माणूस तितका कडक नाही. तोंड मात्र कामापेक्षा पुढे धावतं. दुकान बंद करायच्या वेळी कुणी कपडे न्यायला आलं की मान वरही न करता तो म्हणतो, ‘आता आलास? घरी जा, उद्या ये.’ एकदा त्याने हे स्वतःच्या सासऱ्यांना म्हटलं होतं. सासरे खरोखरच घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत, त्यावर घरात आठवडाभर शांतता होती.

संध्याकाळी इस्त्री बंद झाली की पोस्टमन आणि आणखी दोघं तिघं त्या टेबलाभोवती जमतात. विषय एकच. आलोचचा तो डोक्याने मारलेला आणि कानाला लागून गेलेला गोल. आलोचचा बूट उडून गोलमध्ये गेला आणि बॉल बाहेर, तेव्हा बुटाचा गोल धरायचा का यावर रेफरीने घेतलेली पाच मिनिटं. आणि शेवटी, न चुकता, फायनल. फायनलची गोष्ट निघाली की कडक उठून शटर पुसायला लागतो. शटर त्याने सकाळीच पुसलेलं असतं.

फायनल सव्वीस वर्षांपूर्वीची. शेवटची दोन मिनिटं, बरोबरी. बॉल खांबाला लागून परत आला, गोलकीपर आडवा झालेला, गोल सताड उघडा. आणि त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदाच आलोच वेळेवर पोहोचला. वेळेवर पोहोचल्यावर करायचं काय याची त्याला सवयच नव्हती. त्याने बॉल मारला तो गोलवरून, भिंतीवरून, थेट रस्त्यावर. सगळा स्टँड गप्प झाला. आणि त्या शांततेत एक आवाज खणखणीत उमटला, ‘आता आलास? घरी जा!’

सगळा स्टँड हसला. पुढच्या मिनिटाला समोरच्यांनी गोल केला आणि फायनल गेली. आलोच घरी गेला तो गेलाच. त्या मैदानात त्याने पुन्हा पाऊल टाकलं नाही.

तो आवाज कुणाचा, हे पोस्टमनलासुद्धा माहीत नव्हतं. माहीत होतं कडकला. जिभेवर दुकानातलं वाक्य बसलं होतं, ते मैदानात सुटलं. जो माणूस जन्मात एकदाच वेळेवर आला, त्याला आपण ‘आता आलास’ म्हणालो, हे त्याला सव्वीस वर्षं खात होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं. एकदा सांगून टाकावं असं हजार वेळा मनात आलं, पण समोर आलोच उभा राहिला की तोंडातून यायचं, ‘कडक करू?’

दरवर्षी क्लबच्या वाढदिवसाला जुन्या खेळाडूंना बोलावणं जातं. दरवर्षी आलोच म्हणतो, ‘आलोच.’ आणि दरवर्षी आदल्या दिवशी आपला एकुलता एक चांगला शर्ट, फिक्या निळ्या रेघांचा, कडककडे इस्त्रीला टाकतो. ‘कामावर घालायला लागतो,’ असं म्हणतो. नळाच्या कामाला असा शर्ट कोण घालतं? कडक तो शर्ट जिवापाड इस्त्री करतो, कॉलर दोनदा. मग दुसऱ्या दिवशी मैदानात आलोच दिसत नाही, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात शर्ट परत येतो, पाठीवर चुना लागलेला. तो चुना कुठला, याचा विचार कडकने कधी केला नाही.

यंदा क्लबला पन्नास वर्षं झाली. सेक्रेटरीने आलोचसाठी लाकडी फळीवर बसवलेला पितळी बूट करून घेतला आणि लॉन्ड्रीत येऊन म्हणाला, ‘त्याला आणायची जबाबदारी कुणाची?’ पोस्टमन काही बोलायच्या आत कडकचं तोंड पुढे धावलं. ‘माझी. नाही आला तर माझं नाव बदला.’

घरी बायको म्हणाली, ‘नाव बदलायचं तर आताच ठरवून ठेवा. आपल्या मोरीचा नळ दुरुस्त करायला त्याने दोन वर्षं लावली होती. दोन वर्षं मी बादली बदलत होते.’

‘तेव्हा तो कामात होता.’

‘दोन वर्षं? शेजारच्यांकडे तीनदा येऊन गेला की.’

कडकने बराच विचार केला. समजावून आलोच येणार नाही, हे उघड होतं. पण एक गोष्ट त्याला ठाऊक होती: गळणारं पाणी या माणसाला बघवत नाही. येईल उशिरा, पण पाण्याला येईल. सत्काराला येणार नाही, नळाला येईल. आणि एकदा का तो मैदानाच्या आत आला की पुढचं आपण बघून घेऊ. बेत असा सोपा होता. फक्त त्याच्या ‘आलोच’ला लागणारा वेळ मोजून नळ सकाळीच बिघडवायला हवा होता, ते कडकच्या लक्षात आलं दुपारी चारला.

कार्यक्रम पाचचा. खुर्च्या क्लबच्या हॉलमध्ये मांडल्या होत्या आणि हॉलला लागूनच खेळाडूंची कपडे बदलायची खोली होती. कडक खिशात पाना घालून तिथे शिरला. बेसिनच्या खालचा नट थोडा ढिला करायचा, टपटप सुरू झालं की बास. त्याने पाना लावला आणि फिरवला. काही झालं नाही. आणखी फिरवला. मग जोर लावून उलटा फिरवला, की सुलटा, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. नट निसटला, आतला वायसर त्याच्या हातात आला, आणि पाण्याची धार सरळ छातीवर. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. त्याने वायसर खिशात कोंबला आणि नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरला. पाणी मग अंगठ्याच्या दोन्ही बाजूंनी छताकडे जायला लागलं.

पाच मिनिटांत पाणी हॉलमध्ये आलं. सेक्रेटरीचं भाषण क्लबच्या स्थापनेपर्यंत पोहोचलं होतं, तेवढ्यात पहिल्या रांगेने पाय वर घेतले. मेन कॉक कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं.

‘प्लंबरला बोलवा!’ सेक्रेटरी म्हणाला.

‘मी करतो फोन,’ भिजलेला कडक दारातून म्हणाला.

पलीकडून शब्द आला, ‘आलोच.’

पोस्टमनने सुस्कारा सोडला. ‘खुर्च्या बाहेर मैदानात घ्या रे. हा येईपर्यंत इथे पोहायला शिकू आपण.’

चौथ्या मिनिटाला आलोच दारात उभा होता. हातात हत्यारांची पिशवी, अंगात निळ्या रेघांचा शर्ट, पाठीला चुना. जमलेली माणसं त्याच्याकडे बघतच राहिली. तो मात्र कुणाकडे न बघता थेट आत गेला, हॉलच्या मागचा एक पत्रा उचलून मेन कॉक बंद केला आणि बेसिनखाली आडवा झाला.

‘टॉर्च धर,’ तो कडकला म्हणाला. खोलीत दोघंच होते.

कडकने टॉर्च धरला. एवढ्या लवकर हा आला कुठून, हे त्याला आता उमगत होतं. मैदानाच्या मागच्या भिंतीला दरवर्षी चुना देतात. दरवर्षी हा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून त्या भिंतीला टेकून बाहेर उभा राहत होता.

‘वायसर आपणहून गेलेला नाही,’ बेसिनखालून आवाज आला. ‘काढलाय कुणीतरी. पाना उलटा फिरवलाय. माणूस या धंद्यातला नाही.’

‘असं?’

‘वायसर इथे कुठे पडलेला नाही. म्हणजे तो काढणाऱ्याच्या खिशात आहे.’

चोराच्या मनात चांदणं. कडकचा हात आपोआप खिशाकडे गेला. आलोचने न बघताच तळहात पुढे केला आणि कडकने त्यावर वायसर ठेवला.

‘फायनलला,’ कडक म्हणाला. घसा कोरडा पडला होता. बाकी सगळं ओलं होतं. ‘फायनलला तो... घरी जा म्हणणारा. तो मी होतो.’

‘माहीत आहे.’

‘कधीपासून?’

‘दुसऱ्या दिवशीपासून. शर्ट न्यायला तुझ्याकडे आलो, तू शटर ओढत होतास. म्हणालास, आता आलास? घरी जा, उद्या ये. आवाज तोच, चाल तीच.’

‘आणि सव्वीस वर्षं माझ्याकडेच कपडे टाकतोस?’

‘इस्त्री चांगली करतोस. जरा टॉर्च इकडे.’

कडकने टॉर्च हलवला. ‘राग नाही आला?’

‘आला की. तुझ्या मोरीचा नळ दोन वर्षं कशाने गळत होता?’

कडकला ती बादली आठवली, बायको आठवली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या छातीवरचं ओझं थोडं हललं. त्याने विचारलं, ‘मग आत का येत नव्हतास? भिंतीपर्यंत येऊन?’

आलोच नट आवळत होता. ‘बाहेर तुमचं हसणं ऐकू यायचं. वाटायचं, तेच सांगत असतील.’

‘तेच सांगतो. दर संध्याकाळी. तुझा बूट, तुझा कान, तुझा तो भिंतीवरून गेलेला बॉल.’ कडकचे शब्द आता अडत नव्हते. ‘पण त्या फायनलला समोरच्यांचा गोल कुणी केला, हे विचार पोस्टमनला. त्याला अख्ख्या गावाचे पत्ते पाठ आहेत, पण ते नाव नाही आठवत. कुणालाच नाही आठवत. तूच आठवतोस. चुकलं माझं. तू त्या दिवशी वेळेवर आला होतास.’

आलोच बेसिनखालून बाहेर आला. बाहीने तोंड पुसलं. बाही पिळून काढावी इतकी ओली होती. ‘कडक केल्याचा काही उपयोग झाला नाही,’ एवढंच तो म्हणाला.

दोघं बाहेर आले तर खुर्च्या मैदानात मांडून झाल्या होत्या. आलोच दारातल्या पायरीवर थांबला. मग त्याने पिशवी खाली ठेवली आणि गवतावर पाय टाकला. सेक्रेटरीने पितळी बूट त्याच्या ओल्या हातात दिला, तो घसरून सेक्रेटरीच्याच पायावर पडला, आणि भाषण तिथेच आटोपलं. पोस्टमन म्हणाला, ‘भाषण राहू द्या. एक बॉल मारू दे त्याला. त्याच गोलमध्ये.’

गोलकीपर नव्हताच. गोल सताड उघडा. बॉल बारा पावलांवर ठेवला. आलोच धावत आला, छप्पन्न वर्षांचा, ओल्या चपलांत, आणि त्याने मारला. बॉल गोलवरून, भिंतीवरून, थेट रस्त्यावर गेला.

सगळे गप्प झाले. तीच शांतता, तीच भिंत. आलोच खाली बघत उभा होता. मग त्याची नजर हत्यारांच्या पिशवीकडे गेली आणि तो तिकडे वळला. कडकच्या जिभेवर ते जुनं वाक्य आपसूक येऊन बसलं. या वेळी त्याने ते आधी गिळलं. मग खुर्चीवर उभा राहिला.

‘घरी जाऊ नकोस!’

आवाज चिरकला, पण पोहोचला. सगळं मैदान हसलं, पोस्टमन डोळे पुसत हसला, आणि आलोचही हसायला लागला. पिशवी त्याने जागेवरच राहू दिली.

‘नाही जात,’ तो म्हणाला. ‘बॉल आणा.’

पोस्टमन स्वतः फाटकातून रस्त्यावर गेला. बॉल गटाराच्या कडेला सापडला, तो पुसून परत यायला त्याला चांगली दहा मिनिटं लागली. तो आत आला तेव्हा आलोच गोलसमोर, बारा पावलांवर, कधीचा येऊन उभा होता.