तीन पानी अर्ज

भोपाळला जाणाऱ्यांच्या यादीत बाबांचं नाव दिसलं आणि मी यादी पुन्हा वरून वाचली. हे होणंच शक्य नव्हतं. अर्ज मी लिहिला होता!

राज्याचे दोन तुकडे होऊन रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. सरकारी नोकरांची दोन राज्यांत वाटणी चालली होती आणि बाबा होते कारकून. आईचा उजवा हात लकव्यानं गेलेला. मी शब्द पाठ करत बसे, म्हणून तिचं सगळं बाबा करत. तिची वेणीसुद्धा बाबाच घालत. तिच्यासाठी त्यांना रायपुरातच राहायचं होतं, बस्स.

शब्द म्हणजे इंग्रजी. मी स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जाई. रोज वीस अवघड शब्द वहीत उतरवायचे, आणि निबंधात सोपा शब्द दिसला की सर लाल पेनानं फराटा मारायचे. नवे साहेब अर्ज इंग्रजीतलेच वाचतात, असं बाबांच्या ऑफिसात सगळे म्हणत. बाबांचं इंग्रजी सहीपुरतं. मग काय, मी वही उघडली आणि तीन पानं भरून टाकली. 'मॅग्नॅनिमिटी' काय, 'व्हिसिसिट्यूड' काय! बाबांनी ती पानं आमच्या चौबे कॉलोनीतल्या अर्ध्या गल्लीला दाखवली. "पोट्टीनं लिहिलं," ते सांगत, "साहेब पाहातच राहीन."

यादी लागल्यावर मी एकटीच तणतणत ऑफिसात गेले, भांडायलाच. साहेबांनी फाइल मागवली, तिन्ही पानं पुन्हा वाचली आणि न चिडता विचारलं, "बेटी, इसमें माँगा क्या है?"

मी अर्ज जवळजवळ हिसकावूनच घेतला. पहिलं पान साहेबांच्या थोरपणाचं. दुसरं नियतीचं. तिसऱ्या पानावर आईच्या लकव्याला मी इतके भारी शब्द चढवले होते की त्यात आजारी माणूस दिसतच नव्हतं. आणि मला रायपुरात ठेवा, एवढं एक वाक्य तीन पानांत कुठेच नव्हतं. नव्या अर्जाची मुदत टळून गेली होती.

घरी बाबा ट्रंक भरत होते. त्यांनी मला समोर बसवून आईची वेणी कशी घालायची ते दोनदा दाखवलं. अर्जाचं मी सांगणारच होते, तेवढ्यात ते म्हणाले, "तुह्या अर्जाची एक नक्कल मले दे. तिकडच्या लोकाइले दाखवतो."

मी सुवाच्य अक्षरात तिन्ही पानं उतरवून दिली.