काकासाहेबांच्या गाडीच्या पोटातला आवाज

काकासाहेबांचे कान फार तिखट होते. ऐकून घेणं सोडलं तर त्या कानांनी ते काहीही करू शकत. क्रांती चौकाजवळ त्यांचं विहिरीवरच्या मोटारींचं आणि पंपांचं दुकान होतं. गिऱ्हाईक बिघडलेली मोटार घेऊन आलं की काकासाहेब ती चालू करायला लावत, डोळे मिटत आणि निकाल देत, "बेअरिंग." पुष्कळदा बेअरिंगच निघे, कारण बिचाऱ्या मोटारीत बिघडायला दुसरं असतं तरी काय? न निघालं तर उघडून बघणारा मिस्त्री मूर्ख ठरे.

औरंगाबादच्या रस्त्यांवर मोटारींपेक्षा सायकली आणि टांगेच जास्त दिसत, त्या दिवसांत काकासाहेबांनी एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून पांढरी फियाट घेतली. तेव्हापासून पायी चालणाऱ्या लोकांविषयी त्यांचं मत खराब झालं. जीपवाल्यांविषयी ते आधीच खराब होतं. थोरल्या बहिणीचे यजमान पुंजाराम दाजी गंगापूरच्या रस्त्यावर सवारीची जीप चालवत. त्या जीपमध्ये माणसं, कोंबड्या आणि खताच्या गोण्या सारख्याच मानाने बसत. काकासाहेब तिला 'चाकं लावलेला कोंडवाडा' म्हणत. अर्थात दाजींच्या मागं. बहिणीच्या नवऱ्याचा मान राखलाच पाहिजे.

आणि श्रावण सरता सरता त्यांच्याच गाडीच्या पोटात खडखड सुरू झाली.

सपाट रस्त्यावर गाडी गप्प असे. खड्डा आला की खालून 'खडक्-खडड्' असं काहीतरी व्हायचं. शहरात खड्ड्यांना तोटा नव्हता, त्यामुळे आवाजालाही नव्हता. काकासाहेबांनी डोळे मिटले (सुदैवाने गाडी उभी होती) आणि निकाल दिला, "पुढून येतोय."

मागच्या सीटवर बसलेल्या त्यांच्या पत्नी द्वारकाबाई म्हणाल्या, "मला तर मागून ऐकू यायलंय. अगदी माझ्या बुडाखालून."

"तू मागं बसलीस म्हणून मागून येतोय. पुढं बसली असतीस तर पुढून आला असता."

"मग तुम्ही पुढं बसलात म्हणून पुढून येत असंल."

यावर काकासाहेबांनी हॉर्न वाजवला. समोर कोणी नव्हतं.

गफ्फार मिस्त्रीच्या गॅरेजात गाडी गेली. गफ्फार गाडीखाली शिरायला लागला की काकासाहेब त्याचा पाय धरून ओढत. "पीछे किधर जा रहा? आगे देख, आगे!" गफ्फारने पुढचं सगळं उघडलं, पुसलं, आवळलं. गाडी बाहेर काढली, पहिल्याच खड्ड्यात खडक्-खडड्.

"काकासाब," गफ्फार हात पुसत म्हणाला, "एक बार पीछे देखने दो ना."

"मैं मोटर का धंधा करता हूँ, मिस्त्री. मेरे को मत सिखा."

"आप की मोटर कुएँ में रहती साब, रोड पे नै."

काकासाहेबांनी त्या दिवसापासून गफ्फारचं नाव टाकलं. मग दुसरा मिस्त्री झाला, तिसरा झाला. प्रत्येकाला ते गाडीपाशी उभं करत आणि रोग स्वतः सांगत. औषध मात्र त्याचं. गुण आला नाही की वैद्य गाढव! गाडीचा पुढचा भाग एव्हाना इतका नवा झाला होता की मागचा भाग तिचा आजोबा वाटावा.

कार्तिकात मोठे भाऊ रामकिसन गावाहून दुकानात आले. त्यांच्या मुलाचं, कडूबाचं लग्न देवगाव रंगारीच्या मुलीशी ठरलं होतं. लग्नाच्या दिवशी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात, ती परण्या. पूर्वी घोडा असे. यंदा गाडी हवी, असं कडूबाचं म्हणणं होतं.

"गाडी आहेच की," काकासाहेब म्हणाले.

रामकिसनांनी चहाची बशी खाली ठेवली. "दाजी म्हनतेत, माझी जीप घ्या. म्हनतेत, काकासाहेबाची गाडी खुळखुळ्यावानी वाजती, पाव्हन्यांपुढं हसं व्हईल."

"दाजी म्हणतात? ज्यांच्या जीपचा दरवाजा सुतळीनं बांधलेला आहे ते?"

"आता आई ठरवील. ती म्हनंल त्या गाडीत नवरदेव बसंल. तू आधी तो आवाज तर बंद कर."

काकासाहेबांची झोप उडाली. पुतण्या दाजींच्या कोंडवाड्यात बसून मारुतीला जाणार आणि आपण पांढरी फियाट घेऊन मागून धूळ खात चालणार! त्यापेक्षा लग्नाला न गेलेलं बरं. पण सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला न जाणं हे धूळ खाण्याहून वाईट.

मग त्यांनी शेवटचा उपाय काढला. दुकानात फकिरा नावाचा गडी होता, मिशावाला, दोन पोरींचा बाप. त्याला डिकीत आडवं घातलं, झाकण अर्धं उघडं ठेवून दोरीनं बांधलं आणि सांगितलं, "कान लावून ऐक. मागून आवाज येत नाही, एवढंच मला तुझ्याकडून ऐकायचंय." गाडी क्रांती चौकाला वळसा घालते न घालते तोच हवालदाराने शिट्टी मारली. डिकीतून बाहेर आलेले दोन पाय त्याने बघितले होते.

"हे काय आहे?"

"तपासणी चालू आहे," काकासाहेब म्हणाले.

"ती आता मी करतो," हवालदार म्हणाला आणि त्याने झाकण उचललं. "कोण आहेस रे तू?"

"नोकर हाय साहेब. आवाज ऐकायलो."

चौकात गर्दी जमली. सुटका व्हायला पाऊण दुपार गेली. घरी आल्यावर काकासाहेबांनी विचारलं, "मग? काय ऐकलंस?"

"खरं सांगू का मालक, मला सगळा येळ माझ्याच हाडांचा आवाज येत व्हता."

काकासाहेबांनी जाहीर केलं की मागून आवाज येत नाही, हे सिद्ध झालं.

लग्नाच्या आदल्या दिवशी ते गावी निघाले. गंगापूरचा रस्ता होता, आवाजाने मनसोक्त गाणं म्हटलं. द्वारकाबाई प्रत्येक खड्ड्याला बुडाखालची सीट थोपटत होत्या. त्यांचं ते थोपटणं आवाजापेक्षा जास्त टोचत होतं. गावात शिरताना काकासाहेबांनी गाडी अशी हळू घेतली, जणू आत गरोदर बाई आहे. तरीही वेशीजवळच्या नालीत चाक गेलंच. खडक्-खडड्.

घराच्या ओट्यावर आई, मनकर्णाबाई, गहू निवडत बसल्या होत्या. त्यांना डोळ्यांनी कमी दिसे. गाडी कोपऱ्यावरून वळायच्या आधीच त्या आत ओरडल्या, "आगं, चहा टाका गं, काकासाहेब आला!"

काकासाहेब उतरले. "कसं कळलं गं तुला?"

"घाटीवरनं. पर आवाज बसका यायलाय रं. चिखल भरलाय का तिच्यात?"

"कशात?"

"घाटीत."

काकासाहेब गाडीला वळसा घालून मागं गेले. मग नव्या धोतरासकट गाडीखाली शिरले. आयुष्यात पहिल्यांदा, आणि मागच्या बाजूनं. मागच्या चाकाजवळ, तारेनं घट्ट आवळलेली, चिखलाने लिंपलेली, बैलाच्या गळ्यातली पितळी घाटी लोंबत होती. खड्डा आला की ती वरच्या लोखंडावर आपटत होती.

"हे कुणी केलं?" गाडीखालून आवाज आला.

"मी करविलं," मनकर्णाबाई शांतपणे म्हणाल्या. "पोळ्याला गावी आलतास, तवा तू पुरनपोळी खाऊन घोरत व्हतास. दारातली सारी जनावरं सजली, अन् हीच एकली बोडकी हुबी. पोळ्याला घरचं जनावर उघडं ठिवत असतेत व्हय? तू म्हनलावतास रंगाला हात लावू नका, म्हनून खालून बांधाय लावली. रंगाला बोट नाय लागलं."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तू कुठं इचारलंस?"

द्वारकाबाई पदर तोंडाला लावून घाईघाईनं घरात गेल्या.

काकासाहेबांनी पक्कड मागवली. तेवढ्यात मनकर्णाबाई म्हणाल्या, "काढ खुशाल. पर घाटी काढलेलं जनावर मी शुभकार्यात जुपू देनार नाय. मग कडूबा जीपमधीच बसंल."

काकासाहेब पक्कड घेऊन तसेच उताणे पडून राहिले. एका बाजूला घाटी वाजवत मारुतीला जाणारी फियाट. दुसऱ्या बाजूला दाजी. फार विचार करावा लागला नाही. त्यांनी पक्कड बाहेर फेकली आणि पाण्याची बादली मागितली. धोतराच्या सोग्याने त्यांनी स्वतः घाटीतला चिखल काढला. ती लोखंडावर आपटू नये म्हणून तार जरा सैल करून खाली सोडली. हे डोकं त्यांचं स्वतःचं, तेवढं श्रेय द्यायला हवं.

दुसऱ्या दिवशी देवगाव रंगारीत परण्या निघाली. गाडीत फेटा बांधलेला कडूबा, शेजारी आजी, पुढं काकासाहेब. बँडवाले दम घ्यायला थांबले की खालून घाटीची टणटण ऐकू येई, स्वच्छ आणि गोड. लोक वाकून वाकून बघायला लागले. मुलीचे मामा जवळ आले.

"पाव्हणं, गाडीला घाटी कशी काय?"

काकासाहेबांनी क्षणभर मान खाली घातली. मग वर केली.

"मुद्दाम बसवून घेतली," ते म्हणाले. "हॉर्न काय, कोणीही वाजवतं. शेतकऱ्याच्या घरची गाडी येतेय, हे नुसत्या आवाजावरून कळलं पाहिजे."

मामांनी मान डोलावली. मागून मनकर्णाबाई बोलल्या, "व्हय, लई खपलाय तिच्यापायी. पार मानूस घातलावता म्हनं डिकीत."

काकासाहेबांनी ते ऐकलं नाही. दाजी जीपमधून उतरून त्यांच्या काचेपाशी आले होते. त्यांचा चेहरा अगदी पडला होता.

"काकासाहेब, ही बसवून देतेत कुठं? माझ्या जीपला लावावी म्हनतो."

"बघू, दाजी," काकासाहेब गाडी पुढं घेत म्हणाले. "सगळ्याच गाड्यांना मानवत नाही ती."