राक्षसाची झोप

भाचीचं काम मी रोज बघतो, कारण माझी खाट तिच्याच खोलीत आहे. उत्तरेची खिडकी, खिडकीला लागून तिचं टेबल, टेबलामागे माझी खाट. घरात तिला ठिपकी म्हणतात. लहानपणी दिसेल त्या भिंतीवर ठिपके काढायची, म्हणून. आता लोक तिच्याकडून चित्रं काढून घेतात. नोकरी कुणाची नाही. काम आलं की करायचं, नाही आलं की टेबल पुसायचं.

मी जन्मभर गिलावा केला. भिंत हात फिरवून कळते. चित्र कसं कळतं ते मला माहीत नाही. कष्ट मात्र ओळखता येतात, आणि पोरगी कष्टाची आहे. कागद आधी भिजवते, फळीवर ताणून चिकटवते आणि मग नुसती बघत बसते. वरची चकाकी जाते, आत ओल राहते. तेवढ्यात रंग सोडायचा. आधी सोडला तर वाहतो, उशीर झाला तर डाग बसतो. त्या वेळी हाक मारली तर ती ओ देत नाही. मी मारतही नाही. निळा रंग कागदात उतरताना खाटेवरून बघतो. पाण्यात संध्याकाळ विरघळावी तसा तो पसरत जातो, आणि माझे डोळे जड होतात.

मधे तिनं तेलाच्या डब्यासाठी सूर्यफुलं काढली. मग एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात भिंतभर मगर काढली. डॉक्टर म्हणाले, "दात फार झाले. पोरं घाबरतील. थोडे कमी करा."

"ते तुम्हीच काढा, डॉक्टर," ही म्हणाली. "माझा हात तेवढा हलका नाही."

मगर दातांसकट राहिली.

मग पुस्तक आलं. तिचं पहिलंच अख्खं पुस्तक. गोष्ट अशी, की एक राक्षस दमून झोपतो. अंगावर गवत उगवतं, जंगल होतं. लोक त्याला डोंगर समजतात आणि त्याच्या कुशीत गाव वसवतात. डोंगर म्हणजे तोच, हे शेवटच्या चित्रात दिसायला हवं होतं. बाकीची चित्रं पसंत पडली. शेवटच्याचा फोटो पाठवला की नकार यायचा.

दुसऱ्या नकाराचा फोन स्पीकरवर होता, मी ऐकला. संपादकबाई म्हणाल्या, "अगं, हा झोपलेला वाटत नाही. गेलेला वाटतो."

"श्वास कसा काढू, ताई?"

"ते मला सांगता येत नाही. सोमवारी शेवटचं बघते. नाही जमलं तर पुस्तकच दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. एका पुस्तकात दोन हात दिसून चालत नाही."

माझी धाकटी बहीण, म्हणजे ठिपकीची आई, चहा घेऊन दारात उभी होती. "म्हणून म्हणते, नोकरी बघ. ऑफिसात कुणी राक्षस झोपवायला सांगत नाही."

"तिथे तो जागाच असतो, आई. साहेब म्हणतात त्याला."

बोलली हसून, पण चहा तसाच राहिला. मग माझ्याकडे वळली. "मामा, तू दुपारी झोपतोस तसा झोप. मी बघून काढते."

"मी झोपत नाही. पडतो."

"मग पड."

काम सांगितलं म्हटल्यावर मी ते नीट केलं. पाठ सरळ, हात बाजूला, डोळे गच्च. नाकावर माशी बसली, तीही हाकलली नाही. बराच वेळ पेन्सिल चालली आणि थांबली.

"मामा, तू ड्यूटीवर झोपलायस."

"हललो का?"

"तेच तर. पायाचे अंगठे बघ, पहारेकऱ्यासारखे उभे आहेत."

दुसऱ्या दिवशी आणखी जोर लावला. बहीण डोकावून म्हणाली, "दादा झोपतोय की बाळंत होतोय?"

रविवारी दुपारी ठिपकीनं हात टेकले. "राहू दे, मामा. ताईंना कळवून टाकते." रडली वगैरे नाही. पाठमोरी होऊन कुंचले धुऊ लागली. अंगावर घेतलेलं काम मला जमलं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून पडलो. कुंचला पेल्याच्या काचेला लागत होता, टुक, टुक. पाणी ढवळलं जात होतं.

मी एका भिंतीला गिलावा करत होतो. भिंत कोमट होती. थापीखाली ती वर यायची, खाली जायची. मान वर केली तर शेवट दिसेना. कुणाची तरी कूस आहे हे कळलं, पण भीती वाटली नाही. जाग येऊ नये म्हणून हात हलका ठेवला. थापी आपणहून सरकत होती, आणि मी सारवलेल्या जागी मागोमाग गवत येत होतं.

डोळे उघडले तेव्हा मी झोपेत टेबलाकडे वळलो होतो, आणि उजेड टेबलाच्या कडेला गेला होता. ठिपकी कागदावर वाकली होती. केस तोंडावर, कागद ओला. मी मान उचलून चित्र बघितलं. राक्षस कुशीवर वळला होता. गुडघे पोटाशी, तोंड किंचित उघडं. आणि जंगलाची कड त्यानं मुठीत धरून हनुवटीपर्यंत ओढली होती. मुठीजवळ झाडं चुरगळून एकमेकांवर आली होती. मी माझा हात बघितला. चादरीचं टोक हनुवटीखाली मुठीत होतं.

चकाकी गेली. तिनं मुठीत हिरवा सोडला, आणि मगच बोलली, "चादर सोडवायला गेले, तर आणखी घट्ट धरलीस. गेलेला माणूस असं काही धरून ठेवत नाही, मामा."

सोमवारी फोटो गेला. फोन आला तेव्हा बहीणही पदराला हात पुसत येऊन उभी राहिली.

"ताई?" ठिपकी म्हणाली.

"बघतेय." बाईंचा आवाज खाली आला होता. "गावातले त्याच्या तोंडाजवळचे दिवे तेवढे मालव. डोळ्यांवर येतील."

"पुस्तक?"

"तुझंच. दिवे मालव आधी."

ठिपकीनं ओला कुंचला घेतला आणि एकेका खिडकीतला पिवळा रंग अलगद उचलू लागली. बहीण पावलं न वाजवता आत गेली. खाट कुरकुरते, म्हणून मी बसल्या जागी बसून राहिलो.