दुपारी एकचा चित्रकार

गॅरेजमध्ये बसणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. रंगाच्या डब्याच्या काठावर थरावर थर बसत जातो ना, तसे ते आपोआप साठतात. खरवडायला कोणी जात नाही, एवढंच. मी निवृत्त ड्रॉइंग मास्तर. शाळा सुटली, पण हजेरी लावायची सवय सुटली नाही. म्हणून पांढरकवड्याच्या हायवेवर हमीदचाचांची ट्रक रंगवायची शेड आहे, तिथे गेली सहा वर्षं माझी खुर्ची ठरलेली आहे.

मंडळी मोजकीच. मालक हमीदचाचा. वेल्डर गजू, हा नेर गावाकडचा. घरी कपाशीचं शेत असून वेल्डिंगमध्ये जीव रमलेला. समोर चहाची टपरी चालवणाऱ्या सुशीलाबाई. आणि शेडच्या भिंतीवर, कॉम्प्रेसरच्या वर, एक जुना टीव्ही. त्यावर रोज दुपारी एक वाजता, डबे उघडायच्या वेळी, एका मालिकेचा आदल्या दिवसाचा भाग पुन्हा लागायचा. मालिकेचं खरं नाव आमच्यात कोणी घेतच नव्हतं. "चित्रकार लागला का?" एवढंच विचारायचे.

केशव नावाचा मोठा चित्रकार. गुणी, पण तापट. एकुलती एक मुलगी, तिच्याशी भांडण होतं, ती घर सोडून जाते आणि हा ब्रश ठेवून देतो. गोष्ट एवढीच. पण आमची शेड त्यापायी वर्षभर येडी झाली होती.

* * *

पहिला किस्सा अगदी सुरुवातीचा. केशव मोठं तैलचित्र पुरं करतो, दमून ब्रश पाण्याच्या ग्लासात बुडवतो आणि खिडकीबाहेर बघत म्हणतो, की आज मला माझा रंग सापडला. मागे बासरी. गजूचे डोळे भरून आले होते, हातातली पोळी हातातच.

चाचा म्हणाले, "पाण्यात काहून धुतला?"

झालं! पुढचा अर्धा तास तोच विषय. गजूचं म्हणणं, मोठ्या माणसाचा रंगही वेगळा असेल. निकाल माझ्याकडे आला. मी सावरून घेतलं, म्हटलं, कदाचित जलरंग असतील. चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पस्तीस वर्षं मी पोरांना काय शिकवलं असेल, अशी शंका त्यांना त्या क्षणी आली असावी.

"मास्तर, इनॅमल असो का तेलाचा रंग असो, पाण्यानं ब्रश मरते. थो माणूस रडते खरा, पण ब्रशले जपत नाही."

त्या दिवसापासून केशव दिसला, की चाचा आधी त्याच्या हाताकडे बघायचे. तोंडाकडे मागाहून.

* * *

आता इरफानचं सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

इरफान हा चाचांचा एकुलता एक मुलगा, माझा विद्यार्थी. चित्रात हात बेताचा, पण कागदकामात कात्री चालवायला लागला, की वर्ग थांबून बघायचा. शाळेनंतर तो बापाच्या हाताखाली आला. चाचांनी रंगवलेल्या प्रत्येक ट्रकच्या फाळक्यावर, म्हणजे मागच्या लाकडी दारावर, डाव्या कोपऱ्यात एक हिरवा पोपट असायचा. तीच त्यांची सही. त्यात पोपट चाचांचा आणि डोळा इरफानचा. सगळं काम झालं, की चाचा ब्रश मुलाच्या हातात द्यायचे, तो एक लाल ठिपका ठेवायचा आणि मगच गाडी शेडबाहेर निघायची. "डोळा बसला का?" म्हणजे आमच्याकडे काम झालं का.

मग रेडियमचे दिवस आले. ड्रायव्हर रंगाऐवजी चमकणारे स्टिकर मागू लागले. इरफाननं स्टिकर कापायची मशीन आणून शेडमध्ये ठेवली. चाचांनी ती दोन दिवस बघितली आणि तिसऱ्या दिवशी स्वतः उचलून उन्हात नेऊन ठेवली.

"रेडियम दुसऱ्याच्या उजेडावर चमकते," चाचा म्हणाले. "आपला रंग आपल्या दमावर दिसते."

इरफान म्हणाला, "दुसऱ्यानं उजेड टाकला तं बिघडलं काय, अब्बा?"

दुसऱ्या दिवशी तो मशीन टेम्पोत टाकून हैदराबादला गेला. शहराबाहेरच्या एका मोठ्या ट्रकस्टँडवर पत्र्याखाली त्यानं टेबल मांडलं. याला तीन वर्षं झाली. चाचांनी आपले खारीच्या केसांचे ब्रश बिस्किटाच्या डब्यात बंद केले. तेव्हापासून शेडमध्ये केबिनला एकरंगी स्प्रे मारणं तेवढं चालतं. अक्षर नाही, फूल नाही, पोपट नाही.

मी दोनदा इरफानला फोन लावून चाचांच्या कानाला दिला. दोन्ही वेळा दोन्हीकडून कोणी बोललं नाही. एकमेकांचा श्वास ऐकत राहिले आणि मग चाचांनी फोन माझ्या हातात परत ठेवला. मलाही त्या पोराची फार आठवण येते, हे सांगून टाकतो. शेडमध्ये कुठे कात्रीचा आवाज आला, की अजूनही मान वळते.

* * *

आणि मग तो खुर्चीचा भाग लागला. तुम्ही पाहिला असेल. केशव आपले सगळे ब्रश वाटून टाकतो, एकच ठेवतो. त्या एका ब्रशानं एक रिकामी खुर्ची काढतो. मुलगी लहानपणी ज्या खुर्चीवर बसून त्याचं काम बघायची, ती. मुलगी काढत नाही. खुर्ची काढून तिच्यासमोर जमिनीवर बसून राहतो. संवाद एकही नाही.

गजू डोळ्यांवर वेल्डिंगचा काळा चष्मा चढवून बसला. टीव्हीसमोर! यादगिरी नावाचा तेलंगणाचा एक ड्रायव्हर त्या दिवशी केबिन रंगवायला आला होता. त्याला मराठी ओ की ठो कळत नाही, पण सगळ्यांत जास्त तोच रडला. गजूनं त्याला विचारलं, तुले काय समजलं बाप्पा?

यादगिरी नाक पुसत म्हणाला, "बात नै समझा. पन वो बाप है ना?"

मी चाचांकडे बघायचं टाळलं. सगळ्यांनीच टाळलं. बऱ्याच वेळानं चाचांनी डब्याचं झाकण लावलं. भाजी तशीच होती.

"खुर्चीचा चौथा पाय वाकडा काढला त्यानं," असं म्हणून ते बाहेर जाऊन उभे राहिले. मी नंतर मोबाईलवर तो भाग पुन्हा लावून पाहिला. पाय सरळ होता.

* * *

सुशीलाबाईंना मात्र केशवची कधीच कीव आली नाही. त्या कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या. चहाचे ग्लास गोळा करायला आल्या, की दारातूनच पाच मिनिटं मालिका बघायच्या. त्या दिवशी आमची सगळ्यांची तोंडं पाहून त्यांनी विचारलं, कोण गेलं? गजूनं सगळी कथा सांगितली, की चित्रकाराची पोरगी गेली, म्हणून त्याचं चित्र बंद पडलं.

बाई म्हणाल्या, "आमच्याकडे सणाले घरोघरी बाया भिती रंगवते. पोरगी सासरी गेली म्हणून कोनाची भित कोरी राह्यली नाही. उलट थे येईन म्हणूनच रंगवते."

आणि ग्लास घेऊन गेल्या. त्यांना वाटलं असेल, आपण केशवबद्दल बोललो. चाचा त्यांच्या पाठीकडे बघत राहिले, आणि त्या दिवशीच्या दुसऱ्या चहाला त्यांनी बाईंना पहिल्यांदाच 'सुशीलाबहन' म्हटलं.

* * *

पुढे पंधरा दिवस केशव ब्रश उचलेना. रोज खुर्ची, रोज बासरी. गजूचा धीर सुटला. चॅनलला कळवायला पाहिजे म्हणाला. मी म्हटलं, पत्र लिही. पण आमच्याकडे जगाला काही सांगायचं असलं, तर ते ट्रकच्या मागे लिहायची रीत. मारेगावच्या एका ड्रायव्हरची गाडी मुंबईला निघाली होती, तोही मालिका बघणारा. गजूनं पांढरा रंग घेतला आणि फाळक्यावर लिहिलं:

केशवराव, ब्रश उचला. आम्ही वाट पाहून राह्यलो. – पांढरकवडा

अक्षर कसं म्हणाल? 'केशवराव' मोठं, 'उचला' त्याच्याहून मोठं, आणि 'पांढरकवडा' जागा संपल्यामुळे कडेनं खाली उतरलेला. गजू खूश. ड्रायव्हर खूश. चाचा जेवून हात धुवायला बाहेर आले आणि तिथेच थांबले.

"हे माझ्या शेडीतून जाईन?"

चाचांनी थिनरचं फडकं घेतलं आणि गजूची अक्षरं एकेक करून पुसली. गजूचा चेहरा पडला. मग चाचा आत गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा हातात बिस्किटाचा डबा होता.

त्यांनी खडू लावलेली दोरी ताणून फाळक्यावर दोन रेघा मारल्या. तीन वर्षांनी! सुरुवातीला 'के'ची मात्रा जरा हलली. 'शवराव'पासून हात बसला. ओळ पुरी झाली, तेव्हा वाटलं, की ही अक्षरं इथे आधीपासूनच होती.

ड्रायव्हरनं भीत भीत विचारलं, "चाचा, पोपट?"

"पोपट नाही," चाचा म्हणाले आणि ब्रश धुवायला गेले. थिनरमध्ये.

आठवडाभरात केशवनं टीव्हीवर ब्रश उचलला. गजू अजून शपथेवर सांगतो, की चॅनलवाल्यांनी आपली गाडी पाहिली.

* * *

त्यानंतर महिनाभरानं यादगिरी पुन्हा आला. फाळक्याला नवा रंग द्यायचा होता. माल घेऊन तो हैदराबादला निघाला होता. चाचांनी विचारलं, मुक्काम कुठे असतो? त्यानं इरफानच्याच ट्रकस्टँडचं नाव घेतलं. चाचा 'हां' एवढंच म्हणाले.

संध्याकाळी मी पाहिलं, तर फाळक्याच्या डाव्या कोपऱ्यात पोपट होता. हिरवा, गुबगुबीत, मान थोडी वळलेली, अगदी पूर्वीसारखा. फक्त डोळ्याच्या जागी काही नव्हतं. तेवढी गोल जागा कोरी.

यादगिरी गोंधळला. "चाचा, आँख भूल गए."

"भूला नहीं," चाचा म्हणाले. "तू जा."

गाडी वळणापलीकडे गेली, तरी चाचा रस्त्यावर उभे होते. मला म्हणाले, "मास्तर, हसतीन लोकं. आंधळा पोपट घेऊन फिरून राह्यला म्हणतीन." मी म्हटलं, हसू द्या.

पुढचे दिवस कसे गेले, ते विचारू नका. हैदराबादकडून येणारी प्रत्येक गाडी चाचा पुढून बघायचे नाहीत. ती पुढे निघून गेली, की मागून बघायचे.

* * *

आता हा शेवटचा.

यादगिरी वीस-बावीस दिवसांनी आला, तो नेमका दुपारी एकला. त्या दिवशी मालिकेचा शेवटचा भाग होता. वर्षभर वाट पाहिलेला! सुशीलाबाईंनी टपरी पोरीच्या हवाली करून आतच जागा धरली होती. टीव्हीवर केशवच्या दाराची बेल वाजली होती आणि तो उठून दाराकडे निघाला होता.

यादगिरीच्या फाळक्याची कडी तुटली होती. गजू नाखुशीनं उठला, टीव्हीकडे मान ठेवूनच त्यानं फाळका उतरवला, आत आणला आणि भिंतीला टेकवला. मग त्याचं लक्ष गेलं.

"चाचा," तो म्हणाला. एवढंच.

पोपटाला डोळा होता. लाल, बारीक, गोल. रंगाचा नव्हता. रेडियमचा होता. इतका स्वच्छ कापलेला, की ती कात्री मी कुठेही ओळखली असती.

मी यादगिरीला विचारलं, हे कोणी लावलं?

यादगिरीनं खांदे उडवले. "मेरेकू क्या मालूम? मैं तो सो रहा था."

चाचा फाळक्यासमोर उकिडवे बसले. त्यांनी अंगठ्यानं तो ठिपका चाचपला. एक कडा जरा उचलली होती, ती दाबून धरली. टीव्हीवर केशव दाराशी पोचला होता, कडीला हात घातला होता.

"गजू, टीव्ही बंद कर."

"चाचा, दार उघडून राह्यला थो!"

"बंद कर. अन् शटर पाड."

केशवच्या दारात कोण होतं, ते आम्हाला आजतागायत माहीत नाही; नंतर मोबाईलवरही कोणी लावून पाहिलं नाही. गजूनं टीव्ही बंद केला, शटर ओढलं. भर दुपारी शेडमध्ये मिट्ट काळोख झाला. शेजारी सुशीलाबाईंच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या, मग त्याही थांबल्या.

"मास्तर," चाचांचा आवाज आला, "मोबाईलची बॅटरी लावा. जरा उजेड टाका."

मी टाकला.

काळोखात पोपटाचा लाल डोळा चमकला. मग चाचा म्हणाले, "डोळा बसला."