शेंदूर लागलेला दगड

आम्ही वडिलांना नाना म्हणतो. फैजपूरजवळ आमची केळीची बाग आहे आणि नानांच्या मते पाहण्यासारखं जग सावद्यापर्यंतच आहे. एम.एस्सी. झाल्यावर मी उल्कांवर संशोधन करायला दुसऱ्या राज्यात प्रवेश मिळवला, तर म्हणाले, "इतक्या लांब जाऊन दगडंच पाह्यचे ना? बांधावर काय कमी हायेत?" सोमवारी मला तिथे हजर व्हायचं होतं. इकडे रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते. घरात माझा जीव नुसता कोंडत होता.

त्याच आठवड्यात दिवस मावळताना आकाशातून काहीतरी जळत गेलं. अख्ख्या गावाने पाहिलं. दुसऱ्या दिवशी काकांना बागेत एक काळा, गुळगुळीत दगड सापडला. मी पोचेपर्यंत काकूने त्याला शेंदूर फासून, नारळ फोडून बांधावर बसवलाही होता. आमच्याकडे दगडाचा देव व्हायला एवढाच वेळ लागतो.

जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून मी जवळ धरलं. ते दगडाकडे ओढलं गेलं आणि मला आभाळ ठेंगणं झालं. मी नानांना धापा टाकत सांगू लागले: मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये असे लाखो दगड सूर्याभोवती फिरतात, ग्रह व्हायचे राहून गेलेले. कोट्यवधी वर्षं तीच वाट. मग गुरूच्या ओढीने एखाद्याची वाट बदलते आणि तो सुटतो. सांगता सांगता मला त्या दगडाचा हेवा वाटला.

नाना म्हणाले, "तो वरून पडेल असला, तं जाय तू. मी सोता तुले भुसावळले गाडीत बसवतो."

मी लगेच हो म्हटलं. डोकं ठिकाणावर आलं ते नंतर. आमच्या भागातला काळा दगड लाव्ह्याचा; त्यात लोह असतंच, त्याच्याकडेही चुंबक ओढलं जातं. एम.एस्सी. करताना पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हेच शिकवलं होतं! खात्री करायची तर दगड फोडायला हवा होता. "देवाले फोडते का गं?" काकू अंगावरच आली.

शुक्रवारी सगळे केळीच्या काढणीत गुंतले तेव्हा मी हातोडा घेतला. दुसऱ्या घावाला दोन तुकडे झाले. आत बारीक भोकं, त्यांत पांढरे स्फटिक. लाव्हा थिजताना आतला वायू अडकून राहिला की असं होतं. आभाळातून पडलेल्या दगडात हे दिसत नाही. मी तिथेच बसून रडले, रागाने.

नाना मागे येऊन उभे राहिले होते. देव फोडला म्हणून ओरडतील असं वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "वरचा का इथला?"

वरचा म्हटलं असतं तर पंचक्रोशीत मला खोटं पाडणारं कुणी नव्हतं. शब्द ओठांवर आलाही होता. पण ज्या कामासाठी जायचं, त्यातच पहिली थाप मारायला जीभ रेटेना.

"इथलाच आहे, नाना."

त्यांचा चेहरा असा खुलला की मला त्यांचा राग आला. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मले माहीत होतं माय, तू खोटं नाही बोलणार."

सोमवारी मी गेले नाही.